पावण्यांना दाखवायचं बुसान

आमच्या गल्लीच्या तोंडाला मिरच्या कुटायचा डंक आहे. होळी झाली की तो सुरू होतो आणि मग कितीतरी दिवस त्याची धडधड थांबत नाही. अख्ख्या पेठेच्या वर्षभराच्या चटण्या तिथं कुटून होतात. डब्यांच्या रांगा, तोंडाला पदर बांधलेल्या बायका, हवेत तरंगणारी लाल धूळ. नंबर कुणाचा होता यावरून शिंकत शिंकत भांडणं चालतात. आमच्या गच्चीवर संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या दोन जुन्या साड्यांवर वेगवेगळ्या पसरलेल्या असतात. जिना चढून वर गेलं की आधी डोळ्यांत लाल भरतं, मग नाकात झोंबतं.

हा मोसम मला पूर्वी आवडायचा. हल्ली या दिवसांत माझं बूड एका जागी टिकत नाही. कारखान्यात गेलो की घरी यावंसं वाटतं, घरी आलो की गच्चीवर जातो, गच्चीवर गेलो की उगाच मिरच्या खालीवर करतो आणि परत उतरतो. बायको म्हणते, "बसा की जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी मिरच्या वाळायच्या आधी मीच वाळून जाईन."

परवा अशाच एका दुपारी साडूंचा फोन आला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेतून निवृत्त झाल्यापासून टूरवाल्यांच्या टोप्या घालून देश बघत सुटलेत.

"पावणं, औंदा कोरिया! त्यात बुसान बी हाय. तुमी जाऊन आलायसा न्हवं? काय काय बघू सांगा."

"टूरवाले काय काय दाखवणार हायेत?"

त्यांनी वाचून दाखवलं. हेउंदेचा समुद्रकिनारा. गामचॉनची रंगीत घरं. समुद्राच्या कडेनं जाणारी डब्याएवढी गाडी. दिव्यांचा पूल.

"सगळं बघा," मी म्हटलं. "एक नंबर हाय. काय सोडू नका."

"खरं?"

"खोटं सांगून मला काय दलाली मिळणार हाय?"

फोन ठेवला. बायको मिरच्यांची देठं मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "धडधडीत खोटं बोललासा."

बोललो. आणि ते मला लागलं. कारण माझं सगळं आयुष्य सौद्यात गेलंय. सायकलवर भंगार गोळा करायचो तिथपासून उचगावात स्वतःची फौंड्री उभी केली तिथपर्यंत, दर पाडताना मी हजार गोष्टी बोललो असेन, पण हलक्या मालाला चांगला म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही. लोखंडाचा तुकडा बोटाच्या पेरानं वाजवायचा, आवाज ऐकायचा आणि जो आहे तो सांगायचा. तडा गेलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बद्द वाजतं. त्याला खणखणीत म्हणता येत नाही. तरीही साडूंना मी सगळं खणखणीत आहे म्हणून सांगितलं. का सांगितलं, ते सांगायचं तर तो सगळा आश्विन पुन्हा उकरावा लागेल.

सरळच सांगतो. मी बुसान बघायला गेलो नव्हतो, पोरगी परत आणायला गेलो होतो.

स्नेहल आमची एकुलती एक. तिकडं जहाजांचं इंजिनिअरिंग शिकायला गेली, शिकली, आणि तिथंच जहाजांचे आराखडे काढणाऱ्या एका कंपनीत लागली. माझा हिशोब वेगळा होता. ती शिकून येणार, फौंड्री बघणार, मी संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जाणार. दर वर्षी ती "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची. "बघू" या शब्दाचा अर्थ मला कळतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून उतरताना तोच शब्द बोलतं. म्हणून दसरा झाला आणि मी विमानात बसलो. बायकोनं चटणीचा डबा बांधून दिला आणि दारातच सांगितलं, "आवाज चढवू नका तितं."

आणि पोरीनं मला काय केलं? बुसान दाखवलं. माझा राग आहे तो हाच, आणि तो अजून गेलेला नाही.

विमानतळावरच मला काहीतरी खटकलं होतं. पोरगी हसत आली, पाया पडली, म्हणाली, "आप्पा, मी सगळं ठरवून ठेवलंय. तुमचं हॉटेल समुद्राजवळ घेतलंय. माझी खोली लहान आहे ना, तुमची गैरसोय होईल. मी रोज सकाळी न्यायला येते."

मला दोन गोष्टी लागल्या. एक हॉटेल. बाप आला आणि त्याला हॉटेलात उतरवायचं? दुसरी गोष्ट लगेच ध्यानात आली नाही. नुसता आवाज बद्द आला, एवढंच कळलं.

सगळ्यात आधी हेउंदे. बुसानला जाणारा माणूस इथं आल्याशिवाय परत जात नाही म्हणे. वाळू स्वच्छ, पीठ चाळून ओतल्यासारखी. मागं काचेच्या इमारती, मान मोडेपर्यंत उंच. हवा अशी निळी आणि कोरडी, की दूरचं जहाजही हाताला लागेल. पण मोसम संपलेला, त्यामुळं पाण्यात एक माणूस नाही. सगळे समुद्राकडं पाठ करून उभे आणि हात लांब करून स्वतःचाच फोटो काढत. आम्ही गगनबावड्याचा घाट उतरून समुद्र गाठणारी माणसं. कोकणात वाळूवर गुरं येऊन बसतात, जाळी सुकत असतात, कुणीतरी होडीला डांबर फासत असतं. तिथला समुद्र कुणाच्या तरी कामाचा असतो. इथला काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला.

"कसं वाटलं आप्पा?"

"पाणी हाय की," मी म्हटलं.

ती हसली नाही. एरवी हसली असती.

दुसऱ्या दिवशी ती समुद्राच्या कडेनं जाणारी गाडी. जुन्या रेल्वेमार्गावर खांब उभे करून त्यावरून रंगीत डबे सोडलेत, डब्यात चार माणसं मावतात. रांगेत आम्ही जेवढा वेळ उभे होतो तेवढ्यात मी कोल्हापुरातून राधानगरीला पोचलो असतो, वाटेत चहासुद्धा घेतला असता. डबा सुटला तो असा संथ, की आमच्या जत्रेतला हातानं फिरवायचा पाळणा त्यापेक्षा पळतो. खाली बघितलं तर रुळांना लागून लाकडी पायवाट होती. म्हातारी माणसं त्यावरून आरामात चालली होती. तोच समुद्र, तीच हवा, फुकट.

"हे तिकीट काढून आपण काय विकत घेतलं गं?"

"आप्पा, अनुभव असतो तो."

"ती खालची माणसं काय झोपल्यात व्हय? त्यास्नी अनुभव येत न्हाई?"

चंगसापो नावाच्या कोळ्यांच्या धक्क्यावर आम्ही उतरलो तेव्हा माझा जीव जरा थाऱ्यावर आला. तिथं दोन दीपगृहं आहेत, एक लाल, एक पांढरं. बायका दगडांवर समुद्रातलं शेवाळ वाळत घालत होत्या. मला तिथं नुसतं बसायचं होतं. पण पोरगी घड्याळ बघत होती. पुढचं ठिकाण राहील म्हणत होती.

पुढचं ठिकाण म्हणजे गामचॉन. डोंगराच्या उतारावर आगपेट्या रचल्यासारखी घरं, निळी, गुलाबी, पिवळी. लढाईच्या काळात पळून आलेल्या माणसांनी पत्र्याच्या झोपड्या बांधल्या, त्यांचीच पुढं ही वस्ती झाली. आता तिला रंग देऊन पर्यटनस्थळ केलंय. वर एका कठड्यावर एका पोराचा पुतळा बसवलाय, त्याच्या शेजारी बसून पाठमोरा फोटो काढायला वळणापर्यंत रांग.

"कोन हाय ह्यो?"

"गोष्टीतला मुलगा आहे, आप्पा."

"हितल्या गोष्टीतला?"

"नाही. दुसऱ्या देशातल्या."

मग मी रांगेकडं बघायचं सोडून घरांकडं बघितलं. जागोजागी पाट्या होत्या. इथं माणसं राहतात, हळू बोला, अशा अर्थाच्या, ती म्हणाली. एका गुलाबी घराच्या खिडकीत एक म्हातारी भाजी निवडत होती. तिच्या तोंडासमोरून फोन धरलेले हात जात होते. तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि पडदा ओढून घेतला. मला पत्र्याखालचे माझे दिवस आठवले. पावसात पत्रा असा वाजायचा की आई काय बोलते ते ओठांवरून ओळखायचं. त्या खोपटाला उद्या कुणी गुलाबी रंग दिला आणि लोक फोटो काढायला आले तर मी काय करीन? पहिल्या माणसाचा फोन हिसकून गटारात टाकीन. ती म्हातारी माझ्यापेक्षा सोशिक, एवढंच.

संध्याकाळी दिव्यांचा पूल. समुद्रावर लांबच्या लांब पूल, त्यावर रंग बदलणारे दिवे, समोर कॉफीची दुकानं. पोरगी मला पुलाची माहिती सांगत होती. गाईडसारखी. शब्द स्वच्छ, वाक्यं नीट. "मी इथं बऱ्याचदा येते. मला ही जागा खूप आवडते." आणि तेव्हा मला लखकन कळलं, विमानतळापासून काय बद्द वाजत होतं ते.

आमच्याकडच्या पोरी "मी येते, मी जाते" म्हणत नाहीत. "मी येतो, मी जातो, मी जेवलो" म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, पोरी की पोरं विचारतात. आमच्या आज्या अशाच बोलायच्या, आमच्या बायका अशाच बोलतात. स्नेहल शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "आई, आलो गं! भूक लागलीया!" पुण्याला शिकायला गेली तेव्हा मैत्रिणींनी तिची टर उडवली, म्हणून तिथं ती आले-गेले करायला लागली. पण ते बाहेरच्यांसाठी. घरच्या फोनवर कायम "आप्पा, मी जेवलो." आणि आता माझ्या शेजारी बसून ही मला सांगतेय, "मी इथं बऱ्याचदा येते."

म्हणजे मी बाहेरचा. मी पावणं. आम्ही रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतो, त्यात आदर असतो, पण तो अंगणापुरता असतो. पावण्याला चहा देतात, चांगली खुर्ची देतात. आत स्वयंपाकघरात नेत नाहीत. पोरीनं मला बुसानच्या अंगणात फिरवलं होतं. हेउंदे अंगण, गामचॉन अंगण, हा पूल म्हणजे तर अंगणात लावलेली दिव्यांची माळ.

मी कॉफी तशीच ठेवून उठलो. "तुझं घर कुटं हाय?"

"लांब आहे, आप्पा. चढ आहे खूप. तुमचे गुडघे..."

"माझं गुडघं माझ्यासंगं हायेत. उद्या तितं जायाचं. न्हाईतर हितनंच परत."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला लागली. ती खाली मान घालून म्हणाली, "बरं."

योंगदो नावाचं बेट आहे, शहराला पुलांनी जोडलेलं, तिची खोली तिथं. बसमधून उतरलो आणि माझे कान टवकारले. ठण, ठण, ठण. लोखंडावर हातोडा. एका ठिकाणी नाही, इकडून, तिकडून, पाण्याच्या बाजूनं. समोर जहाज दुरुस्तीच्या गोद्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, पण कसली! माणसापेक्षा मोठे पितळी पंखे, वेटोळी घातलेल्या साखळ्या, नांगर, व्हॉल्व्ह, गंजाचा आणि ग्रीसचा वास. या भागाचं नावच हातोड्याच्या आवाजावरून पडलंय, कांगकांगी. जुन्या जहाजाचा गंज हातोड्यानं ठोकून काढायचं काम इथं बायका करायच्या, दोरखंडाला लटकून. आमच्या फौंड्रीत बीड साच्यातून निघालं की वरची वाळू, वरचे कंगोरे ठोकून काढतात, तोच आवाज. मी एका दुकानापुढं थांबलो, एक व्हॉल्व्ह उचलला, पेरानं वाजवला. खणखणीत. दुकानदार बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, मग दुसरा उचलून माझ्या हातात दिला आणि भुवया उडवल्या. मी वाजवला. बद्द. नाही म्हणून मान हलवली. तो हसला, पहिला परत माझ्याकडं सरकवला. आम्हा दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नव्हता. साडूंच्या टूरवाल्यांच्या यादीत हे दुकान नाही.

"हे आधी का न्हाई दावलंस?"

"यात काय बघायचं आप्पा? कामाची जागा आहे ही."

पुढं बाजाराची बोळ लागली. एका बाईच्या गाड्यावर माशाच्या पिठाच्या पट्ट्या काडीला टोचून उकळत्या पाण्यात ठेवलेल्या. आम्ही दोन घेतल्या. मी बोटांनी खुणा करून दर पाडायचा प्रयत्न केला, बाईनं मला झाडून टाकलं. आवाज असा, की आमच्या भाजी मंडईत ती सहज खपली असती. तेवढ्यात तिनं आणखी दोन काड्या आमच्या ताटलीत आपटल्या, दोन पेल्यांत गरम पाणी ओतलं आणि बोट नाचवत म्हणाली, "सोबिसू!"

"काय म्हणत्या?"

"सर्व्हिस म्हणतेय, आप्पा."

माझं डोकं सटकलं. मोठ्या हॉटेलांत बिलाच्या तळाला हा शब्द मी लई वेळा बघितलाय आणि दर वेळी त्यावरून भांडलोय. "हातगाड्यावर कसला सर्व्हिस चार्ज? न मागता माल वाढायचा आणि वर चार्ज? मी देनार न्हाई! सांग तिला!" मी दोन्ही काड्या उचलून परत तिच्या पातेल्यात ठेवल्या. बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, काड्या काढून परत ताटलीत आपटल्या. मी परत ठेवल्या. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या.

पोरगी बोलायच्या अवस्थेत नव्हती. हसून हसून ती तिथल्या स्टुलावर बसली, डोळ्यांतून पाणी. "आप्पा... सर्व्हिस म्हणजे... वरचं! भाजीवाली वर कोथिंबीर टाकते ना, तसं. फुकट देतेय ती तुम्हाला!"

मी बाईकडं बघितलं. बाईनं माझ्याकडं बघितलं. मग मी काडी उचलून खाल्ली. ते पाणीही प्यालो, गरम, समुद्राच्या चवीचं. आयुष्यभर मी प्रत्येक दुकानदाराकडून भांडून जे वर मागून घेतलं, ते इथं न मागता अंगावर येत होतं आणि मी ते परत करत होतो.

पोरगी अजून हसत होती. आल्यापासून पहिल्यांदा.

पायऱ्या खरोखरच खूप होत्या. भिंतीला हात लावत, थांबत थांबत चढलो. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला एकदम खाली समुद्र, आणि त्यावर नांगर टाकून उभी जहाजं, बंदरात जायची वाट बघत. उंबऱ्याबाहेर रस्त्याच्या कडेला चटया, चटयांवर लाल मिरच्या. एका घरापुढं, मग दुसऱ्या, मग सगळीकडं. मी थबकलो. आमच्याकडचा फाल्गुन इथं आश्विनात आला होता. तोच लाल, तोच वास, फक्त नाकात झोंबायला जरा उशीर लावणारा. मी खाली वाकून एक मिरची मोडली, बी बघितलं. जात वेगळी, पण वाळवण चांगलं होतं.

घरमालकीण वर गच्चीवर मिरच्या पसरत होती. बसकी, जाड, डोक्याला टोपी. आम्हाला बघून तिनं अशी आरोळी ठोकली की मी पायरी चुकलो. "बाम मुन्ना!"

"बाम?" मी म्हटलं. "डोकं दुखतंय व्हय म्हातारीचं?"

"जेवलास का, विचारतेय," पोरगी म्हणाली. "इथली बोली आहे. राजधानीतले लोक हसतात या बोलीला. म्हणतात, बुसानची माणसं भांडतायत की बोलतायत तेच कळत नाही."

म्हातारीनं आम्हाला उभ्या उभ्या काहीतरी खायला घातलं, माझ्या पिशवीतला चटणीचा डबा उघडून बोट बुडवून चाटलं, खोकली, परत चाटलं आणि डबा झाकण लावून स्वतःच्या काखेत घेतला. मग खाली निघून गेली.

गच्चीलगतची तिची खोली बघितली. एक खिडकी, एक गादी, भिंतीला जहाजांची चित्रं. खिडकीतून गोद्या दिसत होत्या आणि ठण ठण आत येत होतं.

"एवढ्या आवाजात झोप येत्या?"

"आधी शांत भागात खोली घेतली होती. तिथं झोप लागायची नाही," ती म्हणाली. "म्हणून ही बघितली."

उचगावला कारखान्याच्या मागच्या खोलीत वाढलेली पोर. मला भरून आलं. पण मला भरून आलं की मी सौद्याला बसतो, दुसरं काही येत नाही. गच्चीवर मिरच्यांच्या मधोमध उभा राहून मी दर लावायला सुरुवात केली. "आपल्या न्हाणीघराएवढी खोली ही. हितं कशाला कुजतीस? चल. कारखाना तुझ्या नावावर करतो. मागची खोली पाडून तुला ऑफिस बांधतो. गाडी घे. नवं मशीन टाकायचं तर टाक, मी आडवा यायचा न्हाई. अजून काय पायजे? तू बोल. तुझा आकडा सांग." ती गप्प. मी चढवत गेलो. गप्प बसलेल्या माणसापुढं मी नेहमी चढवतो, ही माझी खोड आहे.

आणि ती फुटली.

"मी कवा म्हटलो तुमाला, येतो म्हणून? म्हटलो का कवा? तुमीच आपलं दर लावत सुटलायसा! मी काय भंगार हाय व्हय? हितं आलो, एकटा शिकलो, रडलो, कामाला लागलो. ही खोली मी स्वतः शोधलो! तुमी बघून काय म्हणणार म्हाईत हुतं, म्हणून आणलो न्हाई. मी न्हाई येत, जावा!"

खाली गल्लीत कुणीही वर बघितलं नाही. तिथं असंच बोलतात.

नकार होता, पक्का, त्यात बोट घालायला फट नव्हती. सौदा गेला होता. पण आलो, शिकलो, रडलो. घासूनपुसून ठेवलेली भाषा गळून पडली होती आणि आतून माझी पोर खणखणीत वाजली होती. मी तिला कोल्हापूरला न्यायला आलो होतो आणि कोल्हापूर या गच्चीवर, मिरच्यांत उभं राहून माझ्यावर खेकसत होतं. मला राग यायला हवा होता. आला. अजून आहे. पण त्या क्षणी मी खाली बसलो आणि वाऱ्यानं चटईबाहेर गेलेल्या मिरच्या आत ओढू लागलो. थोड्या वेळानं तीही समोर बसली. तिच्या बाजूच्या मिरच्या ती ओढू लागली. खाली ठण ठण चाललं होतं.

त्यानंतर उरलेले दिवस मी कुठंच गेलो नाही. ती कामावर जायची, मी खालच्या दुकानांतून लोखंड वाजवत हिंडायचो, काडीवालीशी खुणांनी भांडायचो. हॉटेल सोडून मी त्या खोलीत जमिनीवर झोपलो.

आता सांगा, साडूंना मी ही गल्ली कशी सांगणार? ते टोपी घालून, झेंडा धरलेल्या बाईच्या मागनं तिथं जातील. पाठोपाठ आणखी जातील. म्हातारीच्या मिरच्यांसमोर उभे राहून फोटो काढतील. मग कुणीतरी भिंती गुलाबी करील आणि पाटी लावील, इथं माणसं राहतात, हळू बोला. त्यापेक्षा हेउंदे बघा. पूल बघा. रांगेत उभं राहा. सगळं एक नंबर आहे. जगातली अंगणं पावण्यांसाठीच असतात. ती झाडून ठेवलेली असतात म्हणून मागची गल्ली मागं राहते, हे मला हल्ली कळतं. तरी मनाला चैन पडत नाही, कारण तिथल्या मिरच्यांपर्यंत पोचलेला मीही चार दिवसांत परत येणारा पावणाच होतो.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर आली. सौद्यात एक शेवटचा डाव असतो. सगळं बोलून झालं, समोरचा हलत नाही, की उठायचं आणि चालू लागायचं. सावकाश. मागं बघायचं नाही. दुकानदार हाक मारतोच. या डावावर मी कारखान्याची अर्धी मशीनं घेतलीत. आत जायच्या दारापाशी मी तिला म्हटलं, "बरं मग. मी आता कारखाना विकून टाकतो." आणि वळलो. चालू लागलो. एक एक पाऊल जड टाकत, कान मागं ठेवून.

"आप्पा!"

मी थांबलो. लगेच वळायचं नसतं, म्हणून जरा दम धरला. मग वळलो. ती दोरीपर्यंत पळत आली होती.

"पाण्याची बाटली काढा की पिशवीतनं. आत न्हेऊ देत न्हाईत."

मी बाटली काढून दिली. तिनं तिथंच उघडली, अर्धी स्वतः प्याली, उरलेली माझ्यापुढं धरली. मीही प्यालो. लोक बाजूनं जात होते. तिनं रिकामी बाटली घेतली, झाकण लावलं आणि म्हणाली, "आनि कारखाना विकायचा असला तर मला इचारल्याबिगार भाव फोडू नका. तुमी रागाच्या भरात स्वस्तात देऊन बसशीला."

तेव्हापासून कारखान्याला गिऱ्हाईकं येतात. चांगली येतात, जागा रस्त्याला लागून आहे. समोर बसतात, फिरवून फिरवून विचारतात. मी सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, मालकांना विचारून सांगतो. ती हसतात. "आवो, मालक तुमीच की!" मी त्यांना चहा सांगतो. भाव सांगत नाही.